मनगटावर दोन थापा

वैशूच्या आईच्या मनगटाला मी चिकटपट्टी गुंडाळून दिली, हे आमचं दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. गुरुवारची दुपार होती. हॉलंडमधल्या हार्लेमला, लेकीच्या घरात, पुढच्या खोलीत, ही पांढरा कागदासारखा सूट घालून उभी आणि मी समोर स्टुलावर बसलेला. आधी पातळ हातमोजा, त्यावर सुटाची बाही, बाहीवर जाड हातमोजा, आणि मधली फट बंद करायला पट्टी. पट्टीचं टोक थोडं दुमडून ठेवायचं, म्हणजे उतरवताना जाड मोज्यातल्या बोटांना ते पकडता येतं. मी टोक दुमडलं आणि सवयीनं तिच्या मनगटावर दोन थापा मारल्या. ती हसली, हळूच काहीतरी बोलली. वैशू खोलीच्या त्या टोकाला मोबाइल धरून शूटिंग करत होती. ती ओरडली, "अप्पा, हात काढा, फ्रेममध्ये येताय!"

संध्याकाळी पिठलं-भाकरी खाल्ली. सकाळी ती उठली नाही. झोपेत हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. कोरोना नव्हता. सगळं जग कोरोनानं मरत होतं आणि माझी बायको उगीचच मेली.

आता वैशू म्हणते, आमच्या मराठी मंडळाच्या अंकाला आठवणी पाहिजेत, घर सोडून इथं कसे आलात ते लिहा. मी सातवी नापास. जन्मभर दूध संघाचा टँकर चालवला. गोड लिहिता येत नाही. तरी लिहितो, गावाकडं राहिलेल्या तुमच्यासाठी आणि माझ्यासारखं इकडं येऊन पडलेल्यांसाठी. एक आधीच सांगतो. मी जळका माणूस आहे. आधीपासूनच होतो, ती गेल्यापासून जास्त झालो.

दोन थापांचं पहिलं सांगतो. टँकर अंधारात मागं घेताना क्लीनर, माझ्याकडं बाळू होता, खाली उतरतो आणि पत्र्यावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. ही सवय हाताला अशी लागली की म्हशीच्या पाठीवर, धान्याच्या पोत्यावर, कशावरही दोन थापा पडायच्या. वैशू शिकायला हॉलंडला निघाली तेव्हा विमानतळाच्या दारात आई तिच्या गळ्यात पडून रडत होती आणि मी तिच्या बॅगेवर दोन थापा मारून बाजूला झालो. पोरगी म्हणाली, "अप्पा, बोला की काहीतरी." मी म्हटलं, बोललो की.

नंतर आम्ही दोघं निघालो, वैशूकडं तीन महिने राहायला म्हणून. वाळव्याकडच्या आमच्या घराला कुलूप लावलं. दारात धाकटा भाऊ, भावजय, शेजारपाजार. वैशूच्या आईनं तुळशीला पाणी घातलं आणि भावजयीला सांगितलं, "मी येईपर्यंत वाळली तर बघ." मी दारावर दोन थापा मारल्या. ती म्हणाली, "घराला कुठं पाठवताय हो? जातोय आपण."

तीन महिन्यांचे व्हिसा होते. आलो आणि महिन्याभरात विमानं बंद झाली. व्हिसा वाढवून मिळाला. पुढं खेमेंटेत म्हणजे इथल्या नगरपालिकेत आणि वकिलाकडं वैशूनं काय काय कागद केले ते मला कळत नाही. आलो होतो दोघं, आहे मी एकटा.

त्या दिवसांत इथं करायला काही नव्हतं. दुसऱ्या माणसापासून दीड मीटर लांब राहायचं. आमच्या घरी तर वैशूनं दाराच्या आत फरशीवर लाल पट्टी चिकटवली होती. बाहेरच्या चपला, पिशव्या पट्टीच्या पलीकडं, धुतलेलं अलीकडं. मी म्हटलं, हे काय सोवळं काढलंस? ती म्हणाली, "अप्पा, माझ्या कामावर असंच असतं."

तर तिचं काम. एक वाळवंटी देश आहे. देशाचं नाव लिहू नका म्हणाली, लिहीत नाही. तिथं अणूचं एक मोठं केंद्र होतं. लढाईत त्याच्यावर बॉम्ब पडले. इमारती मोडल्या, टाक्या फुटल्या, नळ तुटले. मग सरकार पडलं, राखणदार पळाले आणि आसपासच्या गावातले गरीब लोक आत शिरले. मिळेल ते नेलं. पिंपं दिसली, आतली पिवळी पूड तिथंच ओतली आणि पिंपं घरी नेऊन पाणी साठवलं. इतकी वर्षं झाली, ते अजून आवरणं चालू आहे. वैशूची कंपनी ते कसं आवरायचं ते ठरवून देते. वरची माती खरवडायची, नळ कापायचे, तुकडे पिंपात भरून वर सिमेंट ओतायचं. किरणं मोजणारं एक चिकचिक करणारं यंत्र जागोजाग फिरवत राहायचं.

वैशूच्या आईनं विचारलं होतं, "मग ते साफ केलेलं टाकायचं कुठं?"

"टाकायचं नाही, आई. एका जागी गोळा करायचं आणि राखत बसायचं. खूप वर्षं."

मला ते पटलं नाही. झाडलं आणि फेकलं नाही, तर झाडलं कशाला? पण ही कधी नव्हे ती पोरीच्या कामात रमली. दिवसभर तिच्या खुर्चीमागं उभी. घरात लेक बोलायची ती आईशी. मला फक्त "अप्पा, जेवलात?"

एरवी वैशू तिथं जाऊन गड्यांना शिकवायची. आता जाणं बंद, म्हणून सगळं कॅमेऱ्यावर. सगळ्यात अवघड होतं ते काम संपल्यावर सूट उतरवणं. बाहेरची धूळ आत लागू द्यायची नाही. पट्टी काढायची, मग सूट उलटा गुंडाळत खाली न्यायचा, एक पाय सोडवायचा आणि तो लाल रेघेपलीकडं स्वच्छ बाजूला टाकायचा, मग दुसरा. चुकून हात गळ्याला लागला तर ती धूळ माणसाबरोबर घरी जाते. वैशू चित्रं दाखवून दाखवून थकली. गडी तिकडं जांभया देत.

म्हणून तिनं घरीच करून दाखवायचं ठरवलं. पहिला मान मला मिळाला. सूट माझ्या ढेरीवर बसेना. बसवला, वाकलो, तर मागून फाटला. मायलेकी लोळून हसल्या. मग वैशूची आई म्हणाली, "आण इकडं, मी बघते." साडी सोडून लेकीची पँट घातली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी तिला पँटमध्ये बघितलं ते असं, आणि माझ्याबरोबर तिकडच्या तीसेक बाप्यांनी बघितलं.

ती फार सावकाश करायची. मळ्यातून आल्यावर चिखलाचे पाय धुवावेत तसं. मधेच थांबून कॅमेऱ्याला विचारायची, "नाक खाजलं तर काय करता रे पोरांनो?" ते मराठी तिकडं कुणाला कळणार? कळलं एकाला. त्यांचा मुकादम. अबू यासीन.

हा माझ्याच वयाचा. पांढऱ्या मिशा, खणखणीत दात. तरुणपणी आखातात आपल्या लोकांबरोबर राबलेला, त्यामुळं मोडकंतोडकं हिंदी येणारा. त्यानं उत्तर दिलं, "अम्मा, नाक को बोलता है, शाम को मिलेंगे." झालं. ही इतकी हसली की खुर्चीवर बसली.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा कॅमेरा सुरू झाला की अबू यासीन आधी हिची चौकशी करायचा. तिला "उम वैशाली" म्हणायचा. त्यांच्यात बाईला नावानं हाक मारत नाहीत, पोराच्या नावानं मारतात. म्हणजे काय, तर वैशूची आई! अहो, तेच मी सगळा जन्म म्हणतोय. मी हाक मारली की "काय हाय?" म्हणून खेकसायची. त्यानं मारली की "जी, भैया."

मग दोघांचे सारखे शब्द शोधणं सुरू झालं. मी पेपर बघत बसायचो, म्हणजे वैशूच्या डच पेपरातली चित्रं, आणि ही येऊन सांगायची, "अहो, साबणाला ते साबूनच म्हणतात. खुर्चीला कुर्सी. हवेला हवा! हवासुद्धा आपलीच हो त्यांच्यात."

"मग जा की तिकडं," मी म्हटलं.

"विमानं बंद आहेत," ती म्हणाली.

हसा तुम्ही. मी हसलो नाही. तिकडं वाळवंटात बसलेला माणूस माझ्या बायकोला रोज हसवतो आणि मी त्याच घरात भाजी निवडतो. मी त्याच्या दातांवरसुद्धा जळत होतो. पट्टी बांधायला मी का बसायला लागलो, तर त्या खोलीत माझंही काहीतरी काम असावं म्हणून. हात माझा लागला पाहिजे. रोज टोक दुमडायचं, रोज दोन थापा. आणि रोज ती बारीक आवाजात म्हणायची, "मी काय टँकर आहे का?"

शेवटच्या गुरुवारी तेच म्हणाली. ते वैशूला ऐकू गेलं नाही. तुम्हाला सांगतो.

ती गेली तेव्हा मोजक्याच माणसांना येऊ दिलं. वैशूच्या ऑफिसातल्या दोघी लांब लांब खुर्च्यांवर बसल्या. गावाकडचे तुम्ही सगळे मोबाइलमध्ये, कुणाचा कान दिसतोय, कुणाचं छत. राख महिनाभर मिळत नाही, तसा इथला कायदा आहे. मी स्मशानातल्या त्या माणसाला मराठीत विचारलं, माझी बायको तुझ्याकडं महिनाभर कशाला? वैशूनं ते डचमध्ये सांगितलं नाही. राख आता वैशूच्या कपाटात आहे. साड्यांचं काय करायचं विचारत होती, कुणाला देऊ या का. मी म्हटलं, एका जागी ठेव.

अबू यासीनला वैशूनं कॅमेऱ्यावर सांगितलं. मी मागं उभा होतो. तो डोक्यावरची टोपी काढून रडायला लागला. मोठ्यानं. मी तोवर रडलो नव्हतो. ही माझी बायको, मी कोरडा, आणि हा दोन-तीन महिन्यांच्या ओळखीचा माणूस सगळ्यांदेखत रडतोय. मी खोलीतून निघून गेलो.

मग मी फिरायला लागलो. कालव्याच्या काठानं जायचं आणि यायचं. इथं म्हातारा-म्हातारी फिट्सवरून, म्हणजे सायकलवरून, शेजारी शेजारी जातात. ऐंशीच्या घरातले. वाऱ्यात ती काहीतरी सांगते, तो मान हलवतो. मला त्यांना कालव्यात ढकलावंसं वाटायचं. खरं ते लिहितो. गावाकडून भावाचा फोन यायचा, मागून भावजय विचारायची, "चहा टाकू का?" आणि भाऊ माझ्याशी बोलता बोलता "हूं" म्हणायचा. त्या हूंवरसुद्धा मी जळलो. फोन ठेवून द्यायचो. रेंज गेली म्हणायचो.

अशात एका सकाळी वैशूच्या कामाच्या खोलीवरून जाताना दार उघडं दिसलं. आत पडद्यावर ती उभी होती. चालती, हलती. पांढऱ्या सुटात, त्या शेवटच्या गुरुवारच्या शूटिंगमधली. मनगट पुढं केलेलं. पडद्याच्या कडेला दुसऱ्या चौकटीत गडी बाकांवर बसून बघत होते. सगळी नवी तोंडं. तिकडं आधीचे बरेच कोरोनानं आजारी पडले होते, म्हणून नवीन टोळी घेतलेली.

मी आत जाऊन म्हटलं, "बंद कर."

"अप्पा, ट्रेनिंग चालू आहे."

"माझी बायको आहे ती."

"माझी आई आहे ती," वैशू म्हणाली आणि तिकडं जाणारा आवाज बंद केला. "हळू बोला."

"माझ्याकडं तिचा एक फोटो आहे, हार घातलेला. आणि हे रोज तिला हसताना बघतात? कोण कुठले?"

"तुम्ही मागितला असता तर दिला नसता का व्हिडिओ?"

"मला नको. पण त्यांनाही नको. काढून टाक तो. दुसरी कुणी उभी कर."

वैशूनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "माझा व्हिडिओ दाखवला तर झोपतात. आईचा लागला की नीट बघतात. नीट बघितलं की चुकत नाहीत. चुकले तर ती धूळ त्यांच्या पोरांच्या अंथरुणात जाते, अप्पा. काढायचाच असेल तर काढते. नवा करायला आठवडा लागेल. तोवर जुना चालेल."

"आठवडा," मी म्हटलं. आणि त्या आठवड्यात मी तिच्याशी धड बोललो नाही. ताट घेऊन वर जायचो.

मधे एकदा तीच वर आली. जिन्यावर बसून म्हणाली, "अबू यासीनना सांगितलं, व्हिडिओ बदलणार म्हणून. तुमची मर्जी, म्हणाले. पण त्यांनी एक सांगितलं." आणि तिनं सांगितलं ते असं. लुटालुटीत ती पिंपं गावात गेली, तेव्हा एक त्याच्या घरीही गेलं होतं. त्याच्या बायकोनं घासून धुऊन घेतलं आणि त्यात पाणी भरलं. काही वर्षांनी ती आजारानं गेली. त्या पिंपानंच का, ते कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. त्यानंतर तो या कामाला लागला.

वैशूला वाटलं असेल मी विरघळेन. मी आणखी जळलो. दुःखातसुद्धा हा माझ्यापुढं! त्याच्याकडं पिंप आहे बोट दाखवायला. बॉम्ब टाकणारे आहेत शिव्या द्यायला. रोज सकाळी उठून फावडं घेऊन तो त्या मातीवर जातो, खरवडतो, पिंपात भरतो, वर सिमेंट ओततो. त्याला आवरायला काहीतरी आहे. माझी बायको पिठलं खाऊन झोपली. मी काय खरवडू?

आठवडा भरायच्या आदल्या दिवशी वैशू म्हणाली, "नवा व्हिडिओ तयार आहे. उद्यापासून तो लावते. त्याआधी आज एकदा या आणि बघा. मग मी काही बोलणार नाही."

मला वाटलं पुन्हा आईचाच दाखवणार. तो नव्हता. तिकडचा कॅमेरा होता, चालू. मोठं पत्र्याचं शेड, उघड्या दारातून पांढरं ऊन. गडी कामावर निघायच्या तयारीत, जोडीजोडीनं उभे. एकानं हात पुढं करायचा, दुसऱ्यानं पट्टी गुंडाळायची. टोक दुमडायचं. आणि मग त्यानं समोरच्याच्या मनगटावर दोन थापा मारायच्या.

मला वाटलं एखादा मस्करी करतोय. मी पुढं सरकून बघितलं. पुढची जोडी. पट्टी, टोक, थप थप. त्यामागची जोडी. थप थप. सगळे. कुणी हसत नव्हतं. कामाचा भाग असावा तसं करत होते, आणि थाप पडेपर्यंत एकही गडी जागचा हलत नव्हता.

"तू शिकवलंस?" मी विचारलं.

"मी कशाला शिकवेन? व्हिडिओत तुमचा हात आलाय ना. त्यांना वाटतं हाही नियमच. तपासून झालं, आता जा, असं. मी एकदा सांगितलं की हे यादीत नाही. अबू यासीन म्हणाले, असू दे, यामुळं पट्टी घट्ट बसली का तेही कळतं." मग ती म्हणाली, "नव्या व्हिडिओत ते नाही."

माझ्या थापा. बाळू क्लीनरकडून उचललेल्या, दुधाच्या टँकरवरच्या, आणि नंतर एका बाईसाठी ठेवलेल्या. त्या कुणी कुठल्या वाळवंटात वापरतंय. रागच आला पहिल्यांदा, माझं नेलं म्हणून. पण मान वळवता येईना. सगळ्या जोड्या झाल्या. शेवटी अबू यासीन उरला, त्याला जोडी नव्हती. त्यानं दातांत पट्टी धरून स्वतःचीच मनगटं बांधली आणि तसाच, थापेशिवाय, उन्हात गेला.

त्या दिवशी मी खाली बसून जेवलो. वैशूनं वाढलं. व्हिडिओ काढू नको असं मी म्हटलं नाही. काढ असंही पुन्हा म्हटलं नाही. पोरगी हुशार आहे, तिनं विचारलं नाही.

गावाकडचे विचारता, परत कधी येणार. दाराला कुलूप आहे, तुळस भावजयीनं जगवली आहे, ऐकतो मी फोनवर. पण ते घर मी दोन थापा मारून सोडलं आणि तिथं ती नाही. इथंही कपाटात आहे ती राख आहे. ती हसते ते एकाच ठिकाणी, रोज सकाळी, परक्या माणसांसमोर. तिथं मला घर म्हणता येत नाही आणि तिथून उठूनही जाता येत नाही. ज्यांची माणसं घरात बसून "चहा टाकू का" विचारतात, त्यांनी मला घराविषयी शिकवू नये.

खाली बसून जेवलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. दाढी केली. वैशू यायच्या आधीच तिच्या खोलीत जाऊन वैशूची आई बसायची त्या खुर्चीवर बसलो. वैशू आली, तिनं कॅमेरा सुरू केला. जुनाच व्हिडिओ लागला. ती उभी राहिली, मनगट पुढं केलं, माझा हात आला, गेला, ती हसली. मी पूर्ण बघितला. मग गडी उठले, जोड्या झाल्या, थप थप करत एकेक दाराबाहेर पडला. अबू यासीन राहिला. दातांत पट्टी धरून त्यानं मनगट बांधलं, टोक दुमडलं. मी खुर्ची पुढं ओढली आणि हाक मारली, "ए भाई."

त्यानं वर बघितलं. ओळखलं. मी हात दाखवला. तो कॅमेऱ्याजवळ आला आणि त्यानं मनगट पुढं केलं, इतकं की पडदा भरून गेला. मी काचेवर दोन थापा मारल्या.

तो गेला नाही. मिशीत हसत तिथंच उभा. म्हणाला, "भाईसाब, एक बात बोलो. उम वैशाली उधर हंस के क्या बोलती है? सब लोग पूछता है."

वैशूनंही माझ्याकडं बघितलं. तिलाही ते माहीत नव्हतं.

"टाइम हो गया तुमारा," मी म्हटलं. "जाव काम पे."